‘पात्रं पोकळ आहेत’ म्हणण्याआधी

महोदय,

विज्ञान, अद्भुत आणि तत्त्वचिंतन यांची काळ्या विनोदाशी सांगड घालणाऱ्या कादंबऱ्यांवर तीन तक्रारी हमखास येतात: पात्रं पोकळ, कथानकाला शेंडाबुडखा नाही आणि मरणाची थट्टा. पहिली कधी कधी खरी असते. दुसरी बहुधा घाईच्या वाचनातून येते.

अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांची १९५९ची ‘द सायरन्स ऑफ टायटन’ घ्या. त्यात स्टोनहेंज हे इंग्लंडमधलं प्राचीन शिळांचं वर्तुळ आणि चीनची भिंत हे शनीच्या टायटन या चंद्रावर अडकलेल्या परग्रहवासी दूताला धाडलेले निरोप आहेत. माणसाचा इतिहासच त्या दूताच्या यानाचा एक सुटा भाग पोहोचवण्यासाठी वळवलेला! तो भाग म्हणजे दोन भोकं असलेली धातूची पट्टी, जी एक मुलगा शुभशकुन म्हणून जपतो. पट्टी आधी दिसते, अर्थ फार उशिरा उलगडतो. मधली पानं नुसती चाळली, तर हा सगळा डोलारा योगायोगांचा वाटतो.

म्हणून क्षुल्लक वस्तू आणि पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं पेन्सिलीने खुणावून ठेवावीत आणि शेवट झाल्यावर पहिलं प्रकरण परत वाचावं. थट्टेचा आरोप करण्यापूर्वी हसू नेमकं कुणावर आहे ते पाहावं: मरणाऱ्यावर, की त्याच्या मरणाला थोर हेतू चिकटवणाऱ्यावर? मला तरी या जातीच्या चांगल्या पुस्तकांत हसू हेतू चिकटवणाऱ्यावरच दिसतं. परीक्षणांना जागा देताना ‘आवडलं, नाही आवडलं’ यापुढे जाऊन एखादा प्रसंग उलगडून दाखवणारा मजकूर छापावा, ही विनंती.

– एक वाचक