वरचा तुकडा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

"पेरणी झाली का?" असं बाबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी "झाली" म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. वरच्या तुकड्यातला मूग उगवलाच नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता पट्टी निघाली आहे. आई, हे पत्र तू वाचून दाखवू नकोस. रागवायचं तर त्यांना स्वतः वाचून रागवू दे.

गहू निघाल्यावर रान पार सुकलं होतं. ढेकळं फुटेनात, म्हणून मी हट्टानं वखराची दुसरी पाळी दिली. तिथंच चुकलं. बुडाशी जी थोडी ओल होती, तीही उकरून उन्हाला दिली. तरी चार बोटं खाली माती गार लागली आणि मी पेरायची पाभर धरली.

आठव्या दिवशी एक तास, म्हणजे पेरलेली ओळ, उकरलं. दाणे फुगलेले, साल फाटलेली, इवलासा मोड बाहेर आलेला आणि टोकाशी तपकिरी होऊन वाळलेला. दहातले सात तसेच. बाकीचे तीन दगडासारखे कडक, जसे पेरले तसेच. त्या तिघांना पाणी दिलं असतं तर ते अजूनही उगवले असते, पण मोड फुटून वाळलेला दाणा परत उठत नाही. मुगाला उगवायला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी लागतं. माझ्या रानानं त्याला जागं करण्यापुरतं दिलं आणि मग हात आखडला. त्यापेक्षा माती ठणठणीत कोरडी असती तर बरं झालं असतं.

आधी संशय बियाण्यावर घेतला. आई, तू ठेवतेस तसे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी ९१ दाण्यांना मोड आले. म्हणजे बियाणं चोख, खोट माझ्या घाईत.

बाबा, तुम्ही म्हणाल, कोरड्यात पेरून वरून पाणी सोडायचं होतं. तुम्ही हरभरा तसा काढलाही आहे. पण हरभऱ्याच्या दाण्याच्या दोन्ही डाळी खालीच राहतात, वर येतो तो नुसता टोकदार कोंब. मूग मान वाकवून डाळींसकट वर येतो. आपल्या भारी मातीवर पाणी सुकलं की पापडी धरते आणि ती फोडताना त्याची मान मोडते. म्हणून खालच्या तुकड्यात उलटं केलं. आधी पाणी दिलं, मग वाफशाची, म्हणजे चिखल सरून रान पेरण्याजोगं होण्याची, वाट पाहिली. सहा दिवस लागले, आणि ते सहा दिवस मी रोज दोनदा बांधावर जाऊन उगाच उभी राहत होते. मुठीत दाबलेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटतो का, एवढंच बघायचं. पाच दिवस तो थपकन पडून चपटा व्हायचा. सहाव्या दिवशी फुटला.

वखर एकदाच, तोही हलका. तासांत ३० सेंटिमीटर अंतर, बी पाच सेंटिमीटर खोल, आणि पाभरीमागे लगेच माती दाबायला फळी. बियाला माती चिकटून बसली तरच त्याला ओल खेचता येते, पोकळीत पडलेलं बी उपाशी राहतं. वरच्या तुकड्यात मी फळीचाही आळस केला होता, हेही आता सांगून टाकते. बियाला जिवाणू संवर्धक, म्हणजे पिकाला उपयोगी जिवाणूंचं खत, सावलीत चोळलं आणि ऊन कलल्यावर पेरलं, कारण कोरड्या तापल्या मातीत ते जिवाणूही मरतात.

पाचव्या दिवशी तासं दिसू लागली.

वरचा तुकडा परत पेरणार नाही. विहिरीचं पाणी दोन्हीकडे पुरायचं नाही, आणि मूग ६० ते ७० दिवस घेतो. आता पेरला तर शेंगा वाळायच्या वेळेला पाऊस गाठेल आणि दाण्यांना शेंगेतच मोड येतील. तापू दे रान. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे.

आणखी एक. पाभरीची मधली नळी मातीनं बुजली होती, ते मला चार फेऱ्यांनंतर दिसलं. त्यामुळे बांधाकडची चार तासं मोकळी आहेत. नांगे, म्हणजे त्या मोकळ्या जागा, भरायला घेतलेत, पण तुम्ही याल तेव्हा सगळ्यांत आधी तीच दिसतील, म्हणून आधीच कळवते.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची लेक