ग्रहणाचा डाग नव्हे

महोदय,

माझ्या मुलीच्या डाव्या गालावर जन्मापासून निळसर, मऊ फुगवटा होता. ‘गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरलीस,’ म्हणून मी सासरी बोलणी खाल्ली. एका डॉक्टरांनी ‘मोठी झाली की जिरेल’ सांगितले आणि आम्ही सात वर्षे वाट पाहिली. जिरतो तो तान्ह्या बाळांचा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो, मग हळूहळू ओसरतो. माझ्या मुलीला होती ती शिरांची जन्मजात विकृती मात्र मुलाबरोबर वाढतच राहते. हा फरक वैद्यकशास्त्राने १९८२ मध्येच मांडला होता. आम्हाला कळला एमआरआयनंतर!

ती खाली वाकली की गाल टरारून फुगायचा. आधी तीनदा औषध टोचून गाठ आकसवली, मग तोंडाच्या आतून छेद घेऊन, चेहऱ्याची नस सांभाळत उरलेली काढली. ओठाचा कोपरा जुळवण्याची शस्त्रक्रिया अजून बाकी आहे. हसताना तो किंचित वाकडा होतो. तिला त्याचे काही नाही, आरशापुढे मीच रेंगाळते.

आता विमा कंपनी म्हणते, हा ‘सौंदर्योपचार’, पैसे मिळणार नाहीत. घास चावताना ज्या ओठातून रक्त यायचे, त्याच्या दुरुस्तीला सौंदर्योपचार कोणत्या नियमाने म्हणतात, हे विमा नियामकांनी जाहीर सांगावे.

– एक आई, मिरज