अक्षरी रुपये किती?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : स्त्रीबीज देणाऱ्या बाईच्या मोबदल्याबाबत

महोदय,

“घरी फ्रिज आहे का?” हा तिचा पहिला प्रश्न होता. माझं नाव, वय, तब्येत हे सगळं नंतर. सुया थंडीत ठेवाव्या लागतात, म्हणून आधी फ्रिज. आहे म्हटलं. सेकंडहँड आहे, दार नीट लागत नाही म्हणून वहीचा पुठ्ठा दुमडून घातलाय, पण दूध टिकतं.

मी नाशिकला कोर्टासमोर एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करते. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, खरेदीखतं, दिवसभर हेच. पगार अकरा हजार. वय २९, मुलगी पहिलीला. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता, दिवाळीनंतर कंपनीने माणसं कमी केली त्यात घरी बसला. मायक्रोफायनान्सचा हप्ता दर मंगळवारी असतो आणि मंगळवार काही चुकत नाही. हे रडगाणं नाही. अर्जदाराची परिस्थिती अर्जात लिहावी लागते, म्हणून लिहिली.

फ्रिजचं विचारणारी बाई आमच्याच गल्लीतली. आधी साड्यांची भिशी चालवायची, आता “एग डोनर”, म्हणजे मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी स्त्रीबीज देणाऱ्या बायका, जमवते. पस्तीस हजार म्हणाली. बारा-पंधरा दिवसांचं काम, कुठे टाका नाही, डाग नाही, घरच्यांना कळायचंही कारण नाही. मोबाइलवर माझे दोन फोटो काढले, केस मोकळे सोडून एक. उंची, रंग, शिक्षण, जात विचारली. माझं लग्न ठरताना पाहुण्यांनीही इतकी चौकशी केली नव्हती. तिने पाठ झाल्यासारखं सगळं सांगितलं : पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, त्यानंतर रोज पोटावर सुई, दहा-बारा दिवस. मधे चार-पाच वेळा सोनोग्राफी आणि रक्त. शेवटची सुई घड्याळ लावून, सांगितलेल्या मिनिटाला. तिथून ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजं काढून घेतात. याला ती “पिकअप” म्हणते.

मी विचार करून सांगते म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्याच प्रिंटरवर कायदा छापून काढला. सहाय्यित जननतंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांचा कायदा. लागू २५ जानेवारी २०२२ पासून. पानांचे पैसे मालकांनी कापून घेतले नाहीत, त्यांचे इथेच आभार मानते.

महोदय, आमच्याकडे दोन दस्त रोज येतात, बक्षीसपत्र आणि खरेदीखत. बक्षीसपत्रात आम्ही टाइप करतो, “नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता.” खरेदीखतात रक्कम आधी आकड्यांत आणि मग अक्षरी. अक्षरी रुपये लिहिल्याशिवाय वकील कागद हातात घेत नाहीत, कारण आकड्यात एक शून्य सहज वाढवता येतं. आपला कायदा मी दोनदा वाचला. तो बक्षीसपत्राच्या भाषेत आहे. स्त्रीबीज विकायला मनाई. कुणीही व्यक्ती बीजं विकेल किंवा त्याची एजन्सी चालवेल, तर पहिल्या वेळेस पाच ते दहा लाख दंड, पुढच्या वेळेस तीन ते आठ वर्षं कैद आणि दहा ते वीस लाख दंड. बीज देणारीला तिच्या वेळेचे, बुडालेल्या रोजाचे, सोसण्याचे किती द्यायचे, यावर कायद्यात एक ओळ नाही.

मग पस्तीस हजार कशाचे? ती बाई म्हणते, “गाडीभाड्याचे समज.” नाशिकमध्ये रिक्षा महाग आहे, पण एवढी नाही.

याआधी, म्हणजे कायदा नव्हता तेव्हा, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २००५ची मार्गदर्शक तत्त्वं होती. त्यांत बीज देणाऱ्या बाईला योग्य तो मोबदला, पैशांतसुद्धा, देता येईल असं सरळ लिहिलं होतं. तो द्यायचा कुणी, तर वीर्यपेढीने किंवा वकिलांच्या कंपनीने! त्याला हसू येतं, पण निदान शब्द तरी होता. ब्रिटनमध्येही स्त्रीबीज विकता येत नाही, तरी तिथल्या नियामक संस्थेने एका वेळच्या दानासाठी भरपाई ठरवली आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून ९८६ पौंडांपर्यंत. आपल्या पैशांत साधारण लाखभर. विक्री आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कुणाला अवघड गेलं नाही.

मला ठाऊक आहे यावर काय म्हटलं जातं. पैसे जाहीर केले की गरीब बायकांची रांग लागेल. महोदय, रांग लागलेलीच आहे, फक्त ती भिशीवाल्या बाईच्या दारात आहे. रक्ताचा दाखला देतात, की १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं आणि ते चांगलंच झालं. झालंच. पण रक्त द्यायला अर्धा तास लागतो, वर चहा-बिस्किट मिळतं. मला बारा दिवस पोटात टोचून घ्यायचंय, चार-पाच खाडे करायचेत आणि भुलीच्या टेबलावर झोपायचंय. त्या खोलीतले डॉक्टर, भूलतज्ज्ञ, नर्स, सोनोग्राफीवाले, लॅब, बीजं पुरवणारी बँक, सगळे पैसे घेऊन काम करतात आणि त्यात गैर काही नाही. प्रेम व आपुलकीपोटी तिथे फक्त मी एकटी असणार, आणि तीही ज्यांचं नाव मला कधी कळणार नाही अशा जोडप्यासाठी.

कायद्यात चांगलं काहीच नाही असं मी म्हणत नाही. वय २३ ते ३५. आयुष्यात एकदाच. एका बाईची बीजं एकाच जोडप्याला. विमा बारा महिन्यांचा, तो जोडप्याने काढायचा. हे ज्याने लिहिलं त्याच्या मनात कुठेतरी माझी काळजी होती, एवढं मला दिसतं. आणखी एक आहे, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. इथे मात्र मी अडखळले. सुया सुरू झाल्या की माझ्या वयाच्या बाईच्या अंडाशयात दहा-पंधरा बीजं सहज तयार होतात. माझ्या अंडाशयाला कलम वाचता येत नाही. सात काढून उरलेली तशीच आत ठेवायची, की काढून कागदावर सात लिहायची? एजंटबाईला विचारलं तर म्हणाली, “ते डॉक्टर बघतात.”

दुसरं विचारलं, पोट फुगतं म्हणतात, पाणी होतं पोटात, धाप लागते? म्हणाली, ताक प्यायचं. अंडाशय सुयांना प्रमाणाबाहेर दाद देतात तेव्हा हे होतं. गंभीर प्रकार विरळा असतो आणि शेवटची सुई योग्य निवडली तर धोका बराच कमी होतो, हे मी वाचलंय. पण विरळा म्हणजे शून्य नव्हे. मुंबईत २०१० मध्ये १७ वर्षांची एक मुलगी बीजं दिल्यावर काही दिवसांतच गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तमिळनाडूत इरोडला २०२२ मध्ये, म्हणजे हा कायदा आल्यावर, १६ वर्षांच्या मुलीचं वय खोट्या आधार कार्डावर वाढवून वारंवार तिची बीजं काढल्याचं उघड झालं. आईच त्यात सामील होती. आमची बाईही मला जाताजाता म्हणालीच, “एकदाच चालतं, पण पुढच्या खेपेला तुझ्या नणंदेचं आधार चालेल की.”

विम्याचा कागद मी मागितला. तिने पिशवीतून संमतिपत्र काढलं. बारा पानं, सगळी इंग्रजीत. सही करायच्या जागी आधीच पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या. अशा फुल्या मीही रोज मारते, पक्षकाराची सही चुकू नये म्हणून. त्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. विम्याचा कागद त्यात नव्हता. “तो तिकडे असतो.”

आणि समजा काही झालंच, तर? अधिनियमाच्या शेवटाकडे लिहिलंय की न्यायालयाने गुन्ह्याची दखल घ्यायची ती या उपचारांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, राज्य मंडळाच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच. म्हणजे मी कोर्टासमोर आठ वर्षं बसते, पण माझ्या पोटाची तक्रार घेऊन समोरचा रस्ता ओलांडून आत जाऊ शकत नाही. मला आधी आपल्याकडे यावं लागेल. राज्य मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला. आणि तक्रारीत लिहू काय? पस्तीस हजार घेतले असं लिहिलं तर मीच विक्रेती. नाही लिहिलं तर एजंट सुटली. या कोड्यावर ती बाई निर्धास्त धंदा करते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “तुझं शरीर आहे, मी काय सांगू. पण मला काम लागेल ना.” सासूबाईंना सांगितलेलं नाही. पापपुण्याचा प्रश्न मला फारसा छळत नाही. आमच्या दुकानात एक ताई आल्या होत्या, दत्तकाच्या कागदांसाठी, नऊ वर्षं उपचार करून थकलेल्या. त्यांना मूल मिळालं असतं तर मला आनंदच झाला असता, आणि त्या आनंदाचे पैसेही मी घेतले असते. छळतं ते वेगळंच. मुलीचा अभ्यास घेताना तिच्या कानाच्या पाळीकडे लक्ष जातं. ती माझ्या आईची आहे, तशीच दुमडलेली. ती पाळी उद्या पुण्यात किंवा मुंबईत कुणाच्या घरी असेल आणि या पोरीला कधी कळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं की बीज देणारीला मुलावर आईचा हक्क सांगता येत नाही. त्या खटल्यात तर बीज देणारी त्या मुलांच्या आईची सख्खी धाकटी बहीण होती. हक्क मला नकोच आहे. मला फक्त आधी, माझ्या भाषेत, कुणीतरी हे समोर बसवून सांगायला हवं होतं, ज्याचं कमिशन माझ्या “हो” वर अवलंबून नाही अशा माणसाने.

म्हणून मागणी लिहिते. मोबदल्याला नाव द्या आणि रक्कम ठरवा, आकड्यांत आणि अक्षरी, सगळ्यांना सारखी, रंग-उंची-जात न बघता. कायदा केंद्राचा आहे हे मला माहीत आहे, तर राज्याची शिफारस दिल्लीला पाठवा. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात पडू देत, आणि मधेच डॉक्टरांनी सुयांचा कोर्स थांबवला तरी झालेल्या दिवसांचे मिळू देत. आज पिकअप झाला नाही तर एक रुपया नाही, म्हणून बायका पोट दुखलं तरी सांगत नाहीत. संमतिपत्र मराठीत आणि विम्याची प्रत पहिल्या सुईच्या आधी हातात, एवढ्यासाठी तर दिल्लीला विचारायचीही गरज पडू नये. टाइप करून मी देते, फुकट. याला खुशाल दान म्हणा.

माझी पाळी येत्या नऊ-दहा तारखेला आहे. बाईला तोवर उत्तर हवंय. विम्याचा कागद दाखव, मग बोलू, असं मी परवा तिला सांगितलं. त्यानंतर तिचा फोन नाही. काल भाजी आणताना दिसली, आमच्या मागच्या चाळीतल्या पोरीशी बोलत होती. ती पोर बारावीला आहे. त्यांच्याकडे फ्रिज नाही, हे मला माहीत आहे, कारण उन्हाळ्यात बर्फ न्यायला ती आमच्याकडे येते.

तिने उद्या येऊन “काकू, एक डबा ठेवता का फ्रिजमध्ये?” म्हटलं, तर मी कोणत्या नंबरवर फोन करायचा, तेवढं तरी कळवावं, ही विनंती.

आपली,
नाशिकची एक मतदार
(नाव मुद्दाम लिहिलेलं नाही)