गवत पिकतं ऑक्टोबरात, मस्टर संपतं सप्टेंबरात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नज-मार्डीच्या बाजूला माळरानं सुधारण्याच्या कामावर हंगामी टोळी चालवते. कागदावर माझं पद 'क्षेत्र पर्यवेक्षक' असं आहे, टोळीतल्या बायका मुकादमीणबाई म्हणतात. माळावर माजलेलं उपरं झाडझाडोरं काढायचं, इथलं गवत आणि फुलझाडं परत आणायची, आणि त्यावर मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं किती येतात याची नोंद ठेवायची, असं हे काम. कामाला पैसे येतात जूनमध्ये, आणि मस्टर म्हणजे हजेरीपुस्तक बंद होऊन टोळी मोडते सप्टेंबरअखेर. गवताचं बी पिकतं त्यानंतर. हा मेळ का बसत नाही, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. आपल्याकडे वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. माळाची जमीन मुरमाड, कित्येक ठिकाणी वीतभर खाली खडक. अशा जमिनीत दाट जंगल होत नाही. तिथं होतं ते गवत: पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी. मधूनमधून बोर, हिवर, नेपती, तरवड. माळढोक इथं टिकला तो या गवताच्या जिवावर, आणि १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं तेव्हा त्याचं कागदोपत्री क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. पुढं ते बरंच कमी झालं आणि पक्षी दिसणंही दुर्मीळ झालं. काळवीट, लांडगा, खोकड अजून आहेत. पण नाकतोडे आणि माश्या-भुंगे हा या सगळ्या संसाराचा पाया, आणि त्यांच्याकडे बघायला कुणाला फारशी सवड नसते.

आता कामाचं. वेडी बाभूळ तुम्ही रेल्वेलाइनीच्या कडेनं बघितली असेल. ती कोयत्यानं वरून तोडली तर पुढच्या पावसात एका खोडाच्या जागी दहा धुमारे येतात. माती उकरून, वीतभर खाली जाऊन, बुडख्याची गाठच पहारीनं काढावी लागते. हे काम पाऊस सरता सरता, जमीन ओली असताना करायचं. डिसेंबरनंतर तोच मुरूम असा आवळतो की दिवसभरात निम्मंही काम उरकत नाही. आणि उन्हाळ्यात शेंगा पिकायच्या आत झालं पाहिजे, कारण शेळ्या-मेंढ्या त्या शेंगा आवडीनं खातात आणि बी लेंड्यांतून माळभर पेरत जातात. तिचा काटा साध्या चपलेच्या आरपार जातो, हे लिहायचं कारण म्हणजे दर वर्षी अंदाजपत्रकातून पहिल्यांदा कात्री लागते ती बुटांना. माळावर फुरसं हा विषारी साप आहे, हे अंदाजपत्रक करणाऱ्याला माहीत नसावं.

गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडाचीही तीच तऱ्हा. कधीकाळी चांगल्या हेतूनं लावलेलं, आता गवताच्या डोक्यावर सावली धरून बसलेलं.

इथं एखादा जाणकार वाचक म्हणेल, अहो, वेड्या बाभळीच्या फुलावर मधमाश्या बसतात, गिरिपुष्पावरही बसतात, मग तुम्ही माश्यांच्या तोंडचा घास का काढता? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच एका वर्षात सगळा माळ साफ करू नये, पट्ट्या-पट्ट्यानं करावा आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत तरवड, बोर, हिवर, शरपुंखा उभे राहिले की मग पुढच्या पट्टीला हात लावावा. पण पट्ट्या-पट्ट्यानं करायचं तर तीच माणसं वर्षानुवर्षं लागतात. दर जूनला नवी टोळी आली की ती पहिल्या आठवड्यात तरवडच उपटून मोकळी होते.

तरवडाचं उदाहरण मुद्दाम दिलं. सोलापूरकराला तरवड म्हणजे रस्त्याकडेचं पिवळं झुडूप. त्याच्या फुलातला पराग उघड्यावर नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं, मिठाच्या डबीला असतं तसं. साधी मधमाशी त्यावर नुसतीच घुटमळते. मोठा काळा भुंगा येतो, फूल पायांनी घट्ट धरतो आणि पंख न फडकवता अंग असं थरथरवतो की पराग फवाऱ्यासारखा बाहेर येतो. जवळ उभं राहिलं तर आवाज बदललेला ऐकू येतो, उडताना वेगळा आणि फुलावर वेगळा. आमच्या टोळीतली पोरं आता डोळे मिटून सांगतात की भुंगा कुठं आहे. हाच भुंगा पुढं तुरीच्या फुलावर जातो. तो घर करतो वाळक्या लाकडात, घायपाताच्या सुकलेल्या दांड्यात, म्हणून माळावरचं सगळं वाळकं लाकूड सरपणाला उचलून नेऊ नका असं आम्ही गावात सांगत असतो. ऐकतात थोडेच, त्यांचीही चूल आहे.

दुसऱ्या कितीतरी माश्या जमिनीत राहतात. मोकळ्या, उन्हात तापणाऱ्या मुरमात पेन्सिलीच्या जाडीचं बीळ, तोंडाशी बारीक मातीची रास. एकेकटी माशी, पोळं नाही, मध नाही, त्यामुळं कुणाच्या लेखी तिला किंमत नाही. अशा उतारावर जेसीबीनं सलग समतल चर मारले की पाणी अडतं हे खरं, पण गवताचा गड्डा आणि माश्यांची अख्खी वसाहत त्याच बकेटमधून कडेला पडते. चर कुठं मारायचा हे ठरवण्याआधी एक दिवस कुणीतरी खाली बघत माळ चालावा, इतकं तरी होऊ शकतं.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी: सूर्यफुलावर माश्या आल्या नाहीत तर दाणे पोचट राहतात. मग हाताला मऊ कापड गुंडाळून सकाळच्या वेळी प्रत्येक फुलावर फिरवायची शिफारस आहे. त्या कामाला माणूस लावून बघा, म्हणजे माशीची रोजंदारी कळेल. कांद्याचं बी धरणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. डाळिंबवाल्यांनाही हळूहळू कळायला लागलंय. आमच्या माळाला लागून बाग असलेल्या एकानं बहार धरल्यावर सकाळची फवारणी संध्याकाळवर नेली. मधपेट्या ठेवणं चांगलंच, पण बागेचा बहार संपल्यावर पेटीतल्या माशीनं आणि रानातल्या फुलोरी माशीनं खायचं काय? ते बांधावर आणि माळावर असावं लागतं.

आता मूळ मुद्दा, बियाण्याचा. पवन्या आणि मारवेल दसरा-दिवाळीच्या सुमाराला पिकतात. पिकलं की थांबत नाही. ऑक्टोबरचं ऊन आणि दोन दिवस वारा, एवढ्यात बी झडून जातं. शिवाय मारवेल सगळा एकदम पिकत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. कुसळीचं तर बघायलाच नको. तिच्या कुसळाला पीळ असतो, ओल लागली की तो उलगडतो, वाळलं की परत वळतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत घुसवतं. जमीन नाही सापडली तर साडीच्या काठात घुसवतं. संध्याकाळी घरी जाऊन बायका आधी कुसळं वेचतात, मग चूल पेटवतात.

आमच्या टोळीत एक आक्का आहेत, मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या. निम्मं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, आता लेकीकडे मार्डीला असतात. गवताचं बी वरून सगळं सारखंच दिसतं, पण त्यातलं पुष्कळसं रिकामं असतं. आक्का चिमूटभर बी अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच चोळतात आणि सांगतात, "ताई, ह्ये पोचट हाय बगा. त्या वरच्या अंगाचं घ्या." वरच्या अंगाचं घेतलं की ते भरलेलं निघतं. विडीत तंबाखू किती हे न बघता ओळखणारी बोटं आहेत ती. माझ्याकडं वनस्पतिशास्त्राची पदवी आहे, पण बी पारखायला मी त्यांच्याकडं जाते.

या आक्का ऑक्टोबरात कुठं असतात? सोयाबीनच्या काढणीला, नाहीतर कांद्याच्या रानात. त्यांनी तरी काय करावं? आमचं मस्टर बंद झालेलं असतं. काम देणाऱ्या एका यंत्रणेतल्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बी गोळा करणं हे काय काम झालं का? ते आपोआप पडतंच की खाली." पडतं, पण ज्या पट्टीतून आम्ही वेडी बाभूळ काढली तिथं पडायला आधी गवत असायला हवं. तिथं ते दुसरीकडून आणूनच टाकावं लागतं. ताजं बी लगेच नीट उगवत नाही. गोणपाटाच्या पोत्यात, कोरड्या जागी काही महिने मुरावं लागतं, आणि मग मृगाच्या तोंडाला ओलसर मातीत कालवून फोकावं लागतं. म्हणजे जूनच्या पेरणीची तयारी आदल्या ऑक्टोबरात. ती झालेली नसते, मग जूनमध्ये घाईनं बाहेरचं बियाणं पोत्यानं येतं. बहुतेक वेळा स्टायलो. जनावरांना चारा म्हणून वाईट नाही, पण ते या माळाचं नाही, आणि पवन्याची जागा ते भरून काढत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. काम झालं की नाही हे अजूनही रोपांच्या संख्येवर ठरतं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट होतं, तेव्हापासून आकड्याची सवय आणखी पक्की झाली. गवताची रोपं मोजता येत नाहीत, म्हणून गवत मोजलंच जात नाही. वास्तविक मोजणं अवघड नाही. आम्ही शंभर मीटरची दोरी लावतो, सकाळी ऊन वर आल्यावर तिच्या कडेनं सावकाश चालतो आणि दोन्ही हाताला कोणतं फूल, त्यावर कोण बसलंय, ते लिहितो. आग्या, सातेरी, फुलोरी, भुंगा, पान कापणारी माशी. शास्त्रीय नावं मी नंतर भरते. तीच दोरी, तीच जागा, दर महिन्याला. पण सप्टेंबरनंतर दोरी गुंडाळून ठेवायची असेल तर थंडीत आणि उन्हाळ्यात, म्हणजे माश्यांच्या खऱ्या हलाखीच्या दिवसांत, काय होतं हे कळणार कसं? नेपती लाल फुलांनी भरते ती उन्हाळ्याच्या तोंडाला. त्या वेळी तिच्यावर किती गर्दी असते, हे आमच्या एकाही अहवालात नाही.

मागणी मोठी नाही. वर्षाचे जेवढे मनुष्यदिवस मंजूर होतात तेवढेच राहू द्या, फक्त ते पावसाळ्यात कोंबू नका. जुलैचे निम्मे ऑक्टोबर-नोव्हेंबरला द्या, बी गोळा करायला आणि बुडखे काढायला. थोडे फेब्रुवारी-मार्चला द्या, नोंदींना आणि वणवा अडवणाऱ्या जाळपट्ट्यांना. निविदेत रोपांच्या आकड्याशेजारी 'स्थानिक गवताचं बी, किलोमध्ये' असा एक रकाना घाला. आणि आधीच्या हंगामात काम केलेल्या बायकांना पुढच्या हंगामात पहिला हक्क द्या, बी पारखणाऱ्या हाताला दोन पैसे जास्त द्या.

३१ मार्चला पैसे परत जातात, आर्थिक वर्ष आडवं येतं, ही उत्तरं मला पाठ आहेत. पण ऑक्टोबर ते मार्च हे एकाच आर्थिक वर्षात येतात, हे कुणीतरी कॅलेंडर उघडून बघावं. आणि मागेल त्याला काम देणारा कायदा १९७७ साली करणारं राज्य आपलं. बहात्तरच्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या बायकांनी खडी फोडली, तेव्हा त्यांच्या हजेरीला कायदा आड आला नाही. मग गवताच्या बियाला हजेरीपुस्तकात जागा करायला अडचण काय आहे, ते संबंधितांनी आपल्याच स्तंभात उत्तर देऊन सांगावं.

नाव छापू नये ही विनंती. पुढच्या हंगामाचं मस्टर अजून लागायचं आहे.

आपली,
एक मुकादमीण,
मार्डी, ता. उत्तर सोलापूर