जॅक्सनच्या त्या घरातल्या रेंजर ताईंना, आईकडून आणि माझ्याकडून

ताई,

तुम्हाला इंग्रजीत मेल वेगळी केलीय, ती चार ओळींची आहे आणि जरा सरकारी वाटतेय मला. हे मराठीतलं पत्र तुमच्या हाती पडलं तरी तुम्हाला वाचता येणार नाही, पण आईचं म्हणणं असं की आभार मानायचे तर आपल्या माणसांच्या देखत मानावेत, त्यांनाही कळू दे. म्हणून इथे लिहितेय. अजून सगळं ताजं आहे, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर झालं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी घराबद्दल. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स यांचं घर आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा माणूस, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, परत आल्यावर त्याच देशात मतदान करायला गेला तर अडवला गेला. 1954 साली विद्यापीठात कायदा शिकायला अर्ज केला तो नाकारला आणि त्याच वर्षी तो एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेचा मिसिसिपीतला पहिला पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. 12 जून 1963 ला मध्यरात्र उलटल्यावर मीटिंगहून घरी आला, गाडीतून उतरला आणि समोरच्या झुडपात दडून बसलेल्याने पाठीत गोळी घातली. वय 37. घर बरीच वर्षं टूगलू कॉलेजने सांभाळलं, 2019 मध्ये कायदा झाला आणि डिसेंबर 2020 पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे, म्हणजे आता नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याचं. म्हणजे तुमचं, ताई.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, रिटायर झाली, आता माझ्याकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलीय. नातेवाईकांनी यादी दिली होती, नायगारा, डिस्नी, न्यूयॉर्क. आईने कुठंतरी या घराबद्दल वाचलेलं आणि तिचा हट्ट हाच. एक मामा तर फोनवर म्हणाले, अगं साधं तीन बेडरूमचं घर, त्यात बघायचंय काय. बरोबरच आहे मामा, साधंच आहे. म्हणूनच बघायचं होतं तिला.

पण त्याआधी आम्ही दुसऱ्या एका शहरात एका मोठ्या म्युझियममध्ये गेलो होतो, नाव घेत नाही. आईला इंग्रजी वाचता येतं पण भरभर बोललेलं समजत नाही, मग मी कानात हळू आवाजात मराठीत सांगत होते. तिथला गाईड कानाला माईक लावून पळतोय नुसता, आणि मध्येच थांबून सगळ्यांसमोर मला म्हणाला की तुमच्या गप्पा बाहेर जाऊन करा, ग्रुपला त्रास होतोय. गप्पा! आई नंतर पूर्ण वेळ गप्प, जेवतानाही गप्प. अडतीस वर्षं वर्गात पोरांना "विचारा, विचारा" म्हणत आलेली बाई ती. आणि हे फक्त अमेरिकेतच होतं असं नाही हं, आपल्याकडेही मोठ्या माणसाच्या वाड्यावर गेलं की वॉचमन काठी आपटत "चला पुढे चला पुढे" करतोच, आत कोण राहत होतं हे त्यालाही माहिती नसतं, आपल्यालाही कळू द्यायचं नसतं.

त्यामुळे तुमच्याकडे येताना आई मला बजावून आली होती, तू काही सांगू नकोस, मी नुसतं बघते.

आणि ताई, तुम्ही बाहेर अंगणात बोलायला सुरुवात केली तेवढ्यात आईला राहवलं नाही. माझी बाही ओढून विचारलं, "अगं, पुढचं दार कुठंय?" एवढंच, आणि तेही पुटपुटत. तुम्ही बोलायच्या थांबलात. मला वाटलं झालं आता. तुम्ही माझ्याकडे नाही, आईकडे बघितलंत आणि विचारलंत, त्या काय म्हणाल्या?

बास. मला पत्र लिहायचंय ते या एका वाक्यासाठी.

मी सांगितलं, तर तुमचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तुम्ही बाकीच्या ग्रुपला म्हणालात की या बाईंनी आजचा सगळ्यात चांगला प्रश्न विचारलाय, आणि मग पुढचं भाषण सोडून तिथूनच सांगायला लागलात. घराला पुढचं दार नाहीच. मुद्दामच नाही. रस्त्यासमोर उभं राहून कुलूप उघडायची वेळ येऊ नये म्हणून आत जायची वाट बाजूने, गाडी लावायच्या शेडखालून. मुलांच्या खोलीच्या खिडक्या उंचावर. मुलांना पलंग नाहीत, गाद्या जमिनीवर, म्हणजे खिडकीतून गोळी आली तर डोक्यावरून जाईल. आणि बापाने पोरांना शिकवून ठेवलेलं की आवाज आला की खाली पडायचं आणि सरपटत बाथरूमच्या टबमध्ये जायचं.

हे सगळं सांगताना तुम्ही दर दोन वाक्यांनी थांबत होता. मी आईला सांगून होईपर्यंत थांबायचात, आईने मान हलवली की पुढे. घड्याळ एकदाही बघितलं नाहीत. आणि गंमत म्हणजे ग्रुपमधल्या कुणालाही त्रासबिस झाला नाही, उलट तेवढ्या वेळात लोक नीट बघत होते, भिंत बघत होते, एक म्हातारे गृहस्थ तर गाद्यांजवळच उभे राहिले, हललेच नाहीत.

दिवाणखान्यात तुम्ही दाखवलंत, गोळी खिडकीतून आली, भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात, फ्रिजवर आदळली. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडींचं नागरी हक्कांवरचं भाषण टीव्हीवर झालेलं आणि मेडगर यांची बायको मर्लीबाई आणि मुलं बाप येईपर्यंत जागीच होती. शेजारी धावत आले, एकाने आपल्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. इथे आई म्हणाली, शेजारी बाहेर आले म्हणजे केवढी छाती. समोर बंदूकवाला अजून आहे का गेला हे कुणाला माहिती होतं? आणि तुम्ही परत विचारलंत, काय म्हणाल्या. आणि खटल्याचं ऐकल्यावर तर आई संतापलीच. 1964 मध्ये दोनदा खटला, दोन्ही वेळा सगळे गोरे पुरुष ज्युरी, दोन्ही वेळा निकाल नाही, आणि त्या गोळी घालणाऱ्याला या खुनाची शिक्षा झाली नाही 1994 पर्यंत. मर्लीबाईंनी पिच्छा सोडला नाही म्हणून शेवटी झाली.

मग आईलाच काहीतरी द्यायचं होतं तुम्हाला. मला म्हणाली, सांग त्यांना की आमच्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली गुलामगिरी लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. मी सांगितलं, जरा घाबरतच, कारण टूरचा वेळ संपत आलेला. तुम्ही खिशातून छोटी वही काढून नाव लिहून घेतलंत, स्पेलिंग दोनदा विचारून. आईला तुमच्यापेक्षा तुमचा तो लिहिण्याचा वेगच जास्त आवडलाय, म्हणते शाळेत असती तर मॉनिटर केली असती.

मला कळत नाही हे शिकवता येतं का लोकांना. ट्रेनिंगमध्ये तारखा शिकवत असतील, कुठे हात लावू द्यायचा नाही ते शिकवत असतील. पण एक म्हातारी परक्या भाषेत काहीतरी पुटपुटली तर ती कटकट न समजता प्रश्न समजायचा, हे कोण शिकवतं? मी इतक्या ऑफिसांमध्ये, दवाखान्यांमध्ये आईबरोबर गेलेय, इथे आणि तिकडेही, लोक तिच्याबद्दल माझ्याशी बोलतात, ती समोर बसलेली असताना. डोळ्यात बघून तिलाच विचारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात तुम्ही.

आई आता रोज मैत्रिणींना फोन लावून घर सांगते. नायगारा झाला आमचा नंतर, त्याबद्दल एक अक्षर नाही! मामांना मात्र दार नसलेल्या घराची गोष्ट पूर्ण ऐकावी लागली, तीही जेवणाच्या वेळेला, आणि ते मध्ये एकदाही बोलले नाहीत म्हणे.

एक प्रश्न राहिलाय. गाडीत बसल्यावर तिला सुचला, तोवर तुमचा पुढचा ग्रुप आत गेला होता. 1964 मध्ये मर्लीबाई मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला राहायला गेल्या ना, तर तिकडे गेल्यावर त्या पोरांना पलंगावर झोप लागायची का? इंग्रजी मेलमध्ये शेवटी घातलाय हा प्रश्न, तुमच्या सवडीने उत्तर द्या, घाई नाही. म्हणजे मला नाही, आई सकाळ-संध्याकाळ विचारते, आली का मेल.