सेल्मेन्त्स ट्रायनॉनने तोडलेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमेमुळे दुभंगलेल्या हंगेरियन भाषक गावांविषयी मराठीत काही छापून येते, तेव्हा सगळा दोष पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीची नवी सीमा ठरवणाऱ्या १९२० च्या ट्रायनॉन तहावर टाकून लिहिणारा मोकळा होतो. आज स्लोव्हाकिया आणि युक्रेन यांच्या सीमेने कापलेल्या सेल्मेन्त्सच्या बाबतीत ही सरळ चूक आहे. शिवाय ज्या निर्णयाने गाव खरोखर कापले, तो तिच्यामुळे नजरेआड होतो.

नाज-सेल्मेन्त्स आणि किश-सेल्मेन्त्स म्हणजे आपल्याकडचे बुद्रुक आणि खुर्द. वस्ती सलग, रस्ता एक. ट्रायनॉनने दोन्ही हंगेरीकडून चेकोस्लोव्हाकियाकडे गेली, पण गेली ती एकत्र, आणि दोन्ही स्लोव्हाकिया प्रांतातच राहिली. २ नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनी आणि इटलीने दिलेल्या व्हिएन्ना निवाड्याने ती पुन्हा हंगेरीत आली, तीही एकत्रच. भाषा, शेत, सोयरीक यांत आडवे काही आले नव्हते.

घाव बसला तो २९ जून १९४५ च्या मॉस्को कराराने. चेकोस्लोव्हाकियाने पूर्वेकडचा झाकारपात्या (आज युक्रेनमध्ये असलेला) भाग सोव्हिएत संघाला दिला. स्लोव्हाकिया प्रांत आणि झाकारपात्या यांच्यामधली जुनी रेषा पाळली असती, तर सेल्मेन्त्स अखंड राहिले असते. पण चोप हे रेल्वे जंक्शन सोव्हिएत संघाकडे राहावे म्हणून रेषा पश्चिमेला सरकली आणि स्लोव्हाकियातली काही गावे पलीकडे गेली. त्यांत खुर्द गेले, बुद्रुक राहिले. गाव हा घटक धरलाच नाही. भाषिक सीमा आखण्याच्या पाटसकर सूत्रातल्या ‘खेडे हा घटक’ या मागणीचे मोल बेळगावच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मात्र तिथला प्रश्न राज्यसीमेचा आहे, इथे रस्त्यावरच दोन देशांचे कुंपण उभे राहिले.

त्यानंतर समोरच्या घरी जायचे तर निमंत्रणपत्र, परवाना, व्हिसा आणि उझहोरोद शहराकडून वळसा. कुंपणावरून बोलायला मनाई होती. म्हणून जन्म-मृत्यूच्या बातम्या बायका काम करता करता हंगेरियन गाण्यात गुंफून पलीकडे पोहोचवत.

‘घर न सोडता पाच देश’ हे अशा गावांविषयी लिहिले जाणारे वाक्यही जपून वापरावे. १९१० साली जन्मून नव्वदी गाठलेल्या खुर्दमधल्या माणसाने हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, पुन्हा हंगेरी, सोव्हिएत संघ आणि युक्रेन अशा पाच राजवटी पाहिल्या. देश मोजले तर चारच. बुद्रुकमध्येही राजवटी पाचच, पण देश तीन: हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि १९९३ पासून स्लोव्हाकिया.

२३ डिसेंबर २००५ रोजी गावात फाटक उघडले, तेही फक्त पादचारी आणि सायकलस्वारांसाठी. इथे आनंदाच्या भरात एक गोष्ट सुटते. युक्रेनने युरोपीय संघाच्या नागरिकांचा व्हिसा त्याच वर्षी काढून टाकला होता, त्यामुळे बुद्रुकचा माणूस पासपोर्ट दाखवून जाई. खुर्दच्या माणसाला मात्र स्लोव्हाक व्हिसा लागे. २१ डिसेंबर २००७ पासून स्लोव्हाकिया शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात गेल्यावर त्याच्यासाठी तो शेंगेन व्हिसा झाला. फाटक एकच, पण ते एकाच बाजूला सहज उघडणारे. साहजिकच दुकाने खुर्दमध्ये वाढली आणि गिऱ्हाईक पलीकडून येऊ लागले. जून २०१७ मध्ये बायोमेट्रिक पासपोर्ट असलेल्या युक्रेनी नागरिकांना १८० दिवसांत ९० दिवस व्हिसामुक्त प्रवेश मिळाला, तेव्हा कुठे तोल थोडा सावरला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी केली. खुर्दच्या पुरुषांना तेच फाटक पुन्हा मिटले.

नागरिकत्वातही हाच गुंता आहे. २०१० मध्ये हंगेरीने सीमेबाहेरच्या हंगेरियनांना नागरिकत्व सोपे केले. स्लोव्हाकियाने लगेच, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे स्लोव्हाक नागरिकत्व जाईल, असा कायदा केला.

या भागाचा नकाशा छापाल तेव्हा १९२०, १९३८ आणि १९४५ या तिन्ही रेषा वेगवेगळ्या रंगांत दाखवाव्यात, आणि १९४५ च्या रेषेवर चोप जंक्शन ठळक करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे