चार दिवसांचं युद्ध

नाशिक रोड

तीर्थरूप आई-बाबांस,
मनीषाचा साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एकदाचं होऊन जाऊ दे युद्ध, चार दिवसांत निकाल लावू." मागे टीव्हीवर कुणी तरी ओरडत होतं आणि आई गप्प होती. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पाकिस्तानशी चार दिवसांचं युद्ध आपण पाहिलं, ७ ते १० मे २०२५. ते थांबलं, फार बरं झालं. पण दर वेळी थांबेलच असं कोण सांगणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं, तेव्हा कीव काही दिवसांत पडेल असं भलेभले म्हणत होते. वर्षं उलटली. तिथे हिंमत कमी पडली नाही, तोफगोळे कमी पडले. युद्धाआधी अमेरिका १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला साधारण १४ हजार बनवायची. युक्रेनच्या तोफांना तेवढे आठवडाभरही पुरत नव्हते. युरोपने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे द्यायचं कबूल केलं. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते.

आपला विशाल १५५ च्याच तोफेवर आहे, बाबा. इथे तोफखाना केंद्रात त्याची कसम परेड झाली तेव्हा तुमची छाती भरून आली होती, मी शेजारीच उभी होते. देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला की अजूनही आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि माझ्या मनात एकच येतं: याच्या मागे गोळे किती दिवसांचे असतील? हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. लष्कराकडे घनघोर लढाईच्या ४० दिवसांचा दारूगोळा हवा, असा हिशेब असतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१७ च्या अहवालात, आदल्या सप्टेंबरात दारूगोळ्याच्या ४० टक्के प्रकारांचा साठा १० दिवसांचाही नव्हता. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले, देशी कारखान्यांनाही कामं मिळाली. पण बाबा, द्राक्षवेलींवर डाऊनी रोग दिसल्यावर फवारणीला धावणारा बागायतदार तुम्ही कधी शहाणा म्हटला नाहीत.

ओझरच्या विमान कारखान्याचंच बघा. तिथल्या नव्या लाइनवरचं पहिलं तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. नाशिककर म्हणून मलाही अभिमान वाटला. पण त्याचं इंजिन अमेरिकेहून येतं, आणि त्या पुरवठ्याला फार उशीर झाला. सांगाडा आपला, वैमानिक आपला, पण इंजिन येईपर्यंत विमान जमिनीवरच.

आणि दुसऱ्याचं युद्धही आपल्या बांधापर्यंत येतंच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघालेले आमचे द्राक्षांचे कंटेनर सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. दोन आठवडे जादा. पॅकहाऊसमध्ये आम्ही नमुन्याची पेटी मागे ठेवतो. तेवढ्या दिवसांनी ती उघडली तर देठ तपकिरी पडलेला, घड उचलून हलवला की मणी टपाटप पेटीत गळायचे. त्या हंगामात शेतकऱ्यांना भाव कमी का, हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तो सगळा भांडणतंटा हजारो किलोमीटर लांबचा, आणि भोगलं निफाड-दिंडोरीने.

आई, तुझ्या सिलिंडरचंही तसंच. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, त्यातला बहुतेक इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. तिथे तोफा वाजल्या की सटाण्याच्या चुलीला कळतं.

युद्ध लादलं गेलं तर लढावंच लागेल. विशाल लढेल, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच सांगते बाबा, तो रजेवर आला की त्याच्यासमोर "होऊन जाऊ दे" म्हणू नका. तो हसून मान डोलावतो आणि रात्री गच्चीवर एकटा बसतो, आईने पाहिलंय. म्हणायचंच असेल तर मतं मागायला पारावर येतात त्यांना विचारा, साठा किती दिवसांचा आहे, गोळ्यांचे कारखाने किती पाळ्यांत चालतात. तुमचं गावात ऐकतात.

विशालची रजा मंजूर झाली की मी पण दोन दिवस येते. छाटणीला मजूर मिळाले का ते कळवा. आई, गुडघ्याचं औषध संपायच्या आत सांग, इथून पाठवते.

तुमची,
मनीषा